थोडी माया सोडा!

फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनीच वर्कशॉप केलं. लोखंडाचा तुकडा फाईलने घासघासून चौकोनी केला, लाकडाचा जॉइंट बनवला, जर्नलवर सही घेतली. तो जॉब आज कुठे आहे? कोणालाच माहीत नाही! तेवढ्या तासांत एक कुर्ता शिवला असता तर तो आज अंगावर असता. हसू नका, मी सीरियसली बोलतेय. रोजचे साधे कपडे आपले आपल्याला शिवता आले पाहिजेत, आणि हे काम इंजिनिअरिंगच्या बाहेरचं तर मुळीच नाही.

पायाने चालवायचं जुनं मशीन नीट बघा. थिअरी ऑफ मशीन्समध्ये जो क्रँक अँड रॉकर आपण पाठ करतो, तोच इथे खाली बसलाय. पाय ठेवायची जाळी म्हणजे रॉकर, मोठं चाक म्हणजे क्रँक. डेड सेंटरला ते अडतं, म्हणून सुरुवातीला वरचं चाक हाताने फिरवून द्यावं लागतं. पुढे मोठं चाक फ्लायव्हीलसारखं स्वतःच्या वजनाने फिरत राहतं. सुईचं भोक टोकाशी असतं. वरचा दोरा कापडाखाली उतरतो, शटल त्यात बॉबिनचा दोरा अडकवतं, झाला टाका. अमेरिकेत एलियास हाउने अशा टाक्याच्या मशीनचं पेटंट १८४६ साली घेतलं, आयझॅक सिंगरने आपलं १८५१ साली. यंत्रांवर इतकी टीका करणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४ साली एका मुलाखतीत सिंगरच्या मशीनला अपवाद म्हणून सूट दिली होती!

मी कॉन्व्हेंटवाली. शाळेत एसयूपीडब्ल्यूच्या तासाला हेमिंग, रनिंग स्टिच असे शब्द शिकले. त्यालाच तुरपाई आणि धावदोरा म्हणतात हे घरी आल्यावर कळायचं. पण मला सगळ्यात आवडलेला शब्द मराठीच आहे: माया. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात ती माया. आई शाळेचा फ्रॉक शिवायची तेव्हा चांगली दोन-दोन बोटं माया सोडायची, म्हणजे वर्षभराने उसवून सैल करता यायचा. आपण टॉलरन्स म्हणतो ना, त्याचीच ही मावशी. रेडिमेड कपड्यात ही माया जेमतेम असते, तीही ओव्हरलॉकने कापलेली. मेसच्या जेवणाने वजन वाढलं की शर्ट बाद!

हे काही परदेशी फॅड नाही. आपल्या वसईच्या सामवेदी ख्रिस्ती आज्या लाल लुगडं नेसतात. लुगड्याला शिलाई लागत नाही, शिवायची ती फक्त चोळी. आणि ओटीत आपण खण देतो तो काय असतो? एका चोळीपुरतं कापड. घरात कोणाला तरी ते शिवता येणार, हे त्यात गृहीतच होतं.

आता खरा मुद्दा, खिसा. मुलींच्या रेडिमेड कुर्त्याला खिसा नसतो, आणि असलाच तर त्यात रुमालसुद्धा धड मावत नाही. सकाळच्या विरार लोकलमध्ये एक हात वर कडीला, एक बॅगेवर, मग मोबाईल आणि पास कुठे ठेवायचा? स्वतः शिवलेल्या कुर्त्याच्या बाजूच्या शिवणीत खोल खिसा बसवायला फार तर अर्धा तास लागतो. एस, एम, एलच्या चार्टमध्ये न बसणाऱ्या आपल्यासारख्यांना मुंढा आणि गळाही हवा तसा मिळतो.

स्वस्त पडतं का? खरं सांगू, नेहमी नाही. स्टेशनबाहेरच्या टी-शर्टच्या भावात कॉटनचं कापडही येत नाही. टी-शर्ट आणि जीन्स विकतच घ्या, होजिअरीशी घरच्या मशीनवर मारामारी करण्यात अर्थ नाही. कुर्ता, सलवार, पायजमा, साधा शर्ट, एवढं पुरे. कुर्त्याला साधारण अडीच मीटर कापड, आणि कापण्याआधी ते रात्रभर भिजवून वाळवायचं, म्हणजे नंतर आटत नाही. पण एक शर्ट शिवून बघितल्यावर कळतं की कॉलर आणि काजं-बटणं करताना कंबर किती दुखते. मग तो भाव बघून प्रश्न पडतो, शिवणाऱ्याला काय मिळालं असेल? २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळला तेव्हा अकराशेहून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक कपडे शिवणारेच. आणि ढाक्यालाच कशाला, वसई पूर्वेच्या गाळ्यांतही दिवसभर मशीनवर वाकलेली माणसं आहेत.

माझी एक मैत्रीण म्हणाली, "म्हणजे आम्ही शिकून परत मशीनवरच बसायचं?" तिचा राग बरोबर आहे. पण गंमत बघा, पैसे घेऊन शिवणारे नाक्यावरचे टेलर बहुतेक पुरुष, आणि घरी फुकट शिवणारी आई. म्हणून मुलांनीही शिकावं. फाईल धरणाऱ्या हाताला सुई जड नाही.

तेव्हा रेक्टर सर आणि मॅडम, एक विनंती. दोन्ही हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये एकेक सेकंडहँड पायमशीन ठेवा. कॅरम बोर्डाशेजारी जागा आहे, मी मोजून आलेय. तेल, सुया आणि दोऱ्याचा खर्च आम्ही वर्गणी काढून करू, आणि पट्टा तुटला तर मेकॅनिकलची मुलं आहेतच.