कंपनीचा की असेंबल?

दहावी-बारावीचे निकाल लागले की मला फोन सुरू होतात. "मामू, पोराला डिप्लोमाला टाकलंय. कॉम्प्युटर कंपनीचा घेऊ की असेंबल करून?" विचारणारा रिक्षावाला असो, शिक्षक असो की आखातातून पैसे पाठवणारा भाऊ, पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "स्वस्त कुठला पडेल?" मी उलट विचारतो, "बंद पडल्यावर तो उघडणार कोण?" हे उत्तर कुणालाच आवडत नाही, पण माझ्या मते निर्णय यावरच व्हायला हवा.

स्वस्ताईचं गणित तसंही पूर्वीसारखं राहिलेलं नाही. लॅमिंग्टन रोडवर (कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, पण तसं म्हणतं कोण?) सुटे भाग घेऊन मशीन जोडलं की ते कंपनीपेक्षा स्वस्त पडणार, हे आपण वर्षानुवर्षं धरून चाललो. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांना लागणारी मेमरी बनवण्यात कारखान्यांना जास्त नफा दिसतो. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये 'क्रुशल' हा सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. मोठ्या कंपन्या माल घाऊक उचलतात, आपण एकेक पट्टी घेतो. तेव्हा दोन्हीकडची कोटेशनं एकाच दिवशी, जीएसटीसकट समोर ठेवल्याशिवाय स्वस्त-महाग बोलू नये.

त्यात असेंबलच्या कोटेशनमध्ये विंडोज बहुधा नसतंच. "ते टाकून देतो की," असं दुकानदार सहज म्हणतो. ही टाकून दिलेली विंडोज चोरीची असते. आपल्याकडे मटणाच्या दुकानात हलाल-हरामची चौकशी करणारा माणूस इथे मात्र गप्प बसतो. पैसे नसतील तर उबुंटू फुकट आहे आणि कोडिंग शिकणाऱ्याला ते छान चालतं.

आता कंपनीच्या डब्याकडे वळू. तो घरी येतो, वायर लावली की सुरू होतो, आणि काही बिघडलं तर एका नंबरावर फोन करायचा असतो. झेरॉक्सचं दुकान, मदरसा, दवाखाना, पतसंस्था यांनी हाच घ्यावा, त्यात वाद नाही. तिथे मशीन बंद म्हणजे काम बंद. पण घरात घेताना एकदा आत डोकावून बघा. १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे माप आणलं, म्हणून कुठलाही साधा एसएमपीएस कुठल्याही साध्या मदरबोर्डला बसतो. अनेक ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये मात्र कंपनीचा स्वतःचा वेगळा कनेक्टर असतो, कॅबिनेटचं मापही वेगळं. वॉरंटी संपल्यावर एसएमपीएस उडाला, की गल्लीतल्या दुकानातला बसत नाही. कंपनीचा भाग मागवा, वाट बघा. तालुक्याच्या गावात ही वाट फार लांब असते.

असेंबलमध्ये प्रत्येक भागाचं बिल वेगळं आणि वॉरंटीही वेगळी. डब्यातून आलेल्या प्रोसेसरला साधारण तीन वर्षं, चांगल्या एसएसडीला तीन ते पाच. कुठला भाग गेला हे ओळखणं मात्र तुमच्यावर येतं. फसायच्या जागाही इथेच. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो त्यात ग्राफिक्स नसतात. तो स्वस्त दिसतो, पण वेगळं कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर चित्र येत नाही. आणि एसएमपीएसवर पैसे वाचवू नका. स्टिकरवरचे ४५० वॅट बघून भुलू नका, ८० प्लसचं प्रमाणपत्र असलेला घ्या. आपल्याकडे वीज जशी येते-जाते, त्यात हलका एसएमपीएस मरताना मदरबोर्डलाही सोबत घेऊन जाऊ शकतो.

व्याजाचा प्रश्न बऱ्याच घरांत या सगळ्याआधी येतो. कंपनीचं मशीन शोरूममध्ये 'नो कॉस्ट ईएमआय'वर मिळतं. क्रेडिट कार्डावर घेतलं तर त्यात बँक व्याज लावतेच. तेवढी सूट किमतीत दिली जाते आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी बहुधा तुमच्या माथी येतो. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच बँकांना बजावलं होतं. ज्याला यातून दूर राहायचंय, त्याला असेंबलची एक मोठी सोय आहे. आज ग्राफिक्स असलेला प्रोसेसर, ८ जीबीची एक पट्टी आणि ५१२ जीबीची एसएसडी रोखीने घ्या. दुसरी पट्टी पुढच्या ईदला. फक्त आधीच भाग गोळा करून कपाटात ठेवू नका. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धावते, मशीन सुरू झालं तेव्हापासून नाही.

हातात फारच कमी पैसे असतील तर ऑफिसातून निघालेली जुनी मशीनं मिळतात. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यामुळे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचं मशीन विंडोजसाठी घेऊ नका, विक्रेता कितीही गोड बोलला तरी.

राहिला मूळ प्रश्न. घरात कुणाला उघडायची हौस नसेल आणि गावात विश्वासाचा कारागीर नसेल, तर कंपनीचा घ्या. पण पोरगं शिकणार असेल तर मी असेंबलच सांगतो, आणि पोरगी असेल तर जास्तच आग्रहाने. "तिला काय जमणार, कॉम्प्युटरवाला येऊन जोडून देईल," हे मी चांगल्या शिकलेल्या घरांतून ऐकलंय. जी मुलगी रोज शिलाई मशीनची बॉबिन बसवते, तिला रॅमची पट्टी खाचेत बसवायला काय अडचण आहे? चार स्क्रू, एक पेचकस, प्रोसेसरच्या सॉकेटजवळ थोडी सावधगिरी. एकदा स्वतः जोडला की बिघाड झाल्यावर ती कुणा परक्या माणसाची वाट बघत बसत नाही, आणि अब्बूंची सुट्टी कधी याचीही नाही.

म्हणून दुकानात जाताना तिला सोबत न्या. भाव तिलाच करू द्या. पक्कं बिल घ्या, त्यावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि रिकामे खोके माळ्यावर ठेवा. अम्मी ते रद्दीत द्यायला काढतील, तेवढं मात्र सांभाळा.