राक्षसाची वंशावळ

माणसाने कशाची वाट पाहावी याला काही धरबंध असावा, असं माझं जुनं मत आहे. आम्ही नाशिककर वाट पाहण्यात तसे कोणाला हार जाणारे नव्हे. आमचा सिंहस्थच मुळी बारा वर्षांनी येतो. त्यामुळे मधली वर्षं नुसती कळ काढण्याची सवय आमच्या अंगवळणी पडली आहे. पावसाळ्यात गंगापूर धरण कधी भरतंय याची वाट पाहायची, ते भरलं की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढतंय याची वाट पाहायची. पण या वाट पाहण्यात एक सभ्यपणा असतो. पूर किती आला एवढंच आपण बघतो. पूर येण्याआधी ढगाच्या आजोबांची चौकशी कोणी करत नाही.

आमच्या भाचेरावांनी ती केली.

२०१२ सालची गोष्ट. भाचेराव तेव्हा कॉलेजात होते आणि शिक्षणासाठी आमच्याकडे राहत होते. जूनमध्ये ‘प्रॉमिथियस’ नावाचा इंग्रजी चित्रपट यायचा होता. त्याची झलक आदल्या वर्षाच्या अखेरीस आली आणि त्या दिवसापासून आमच्या घरात चातुर्मास बसला.

“कसला सिनेमा आहे रे?” मी एकदा सहज विचारलं. सहज विचारलेल्या प्रश्नांनीच माणसाचा घात होतो.

“मामा, ‘एलियन’चा प्रीक्वेल आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे ‘एलियन’च्या आधी काय झालं ते.”

“आणि ‘एलियन’ कधी आला होता?”

“१९७९.”

“मग आधी काय झालं ते आता तेहेतीस वर्षांनी का सांगतायत? तेव्हा आठवत नव्हतं?”

भाचेरावांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने अंतराळातला राक्षससुद्धा मनुष्याकडे पाहत नसेल.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रिडली स्कॉट या दिग्दर्शकाच्या ‘एलियन’मध्ये नॉस्ट्रोमो नावाचं एक मालवाहू यान असतं. त्यावर सात जण. त्यांना कुठूनसा संदेश ऐकू येतो, म्हणून ते एका अनोळखी जागी उतरतात. तिथे एक परकं यान पडलेलं, आणि त्यात आसनावर बसल्या जागी मेलेला एक अवाढव्य प्राणी. त्याच्या बरगड्या आतून बाहेर फुटलेल्या. हा कोण, कुठला, इथे काय करत होता, याबद्दल चित्रपट एक अक्षर बोलत नाही. दोन-चार मिनिटं तो दिसतो आणि मागे राहतो. मग खरा राक्षस येतो आणि यानावरची माणसं एकेक करून कमी होतात.

भाचेराव ही गोष्ट सांगताना बोटांवर मोजायचे. “आता सहा. आता पाच.” त्यावरून मला आमच्या आजोबांची आठवण व्हायची. आजोबा रोज रात्री बॅटरी घेऊन माजघरात यायचे आणि झोपलेल्या पोरांची डोकी मोजायचे. एखादं चुलतभावंड मुक्कामाला आलेलं असलं आणि हिशेब जुळेना, की बॅटरी सगळ्यांच्या डोळ्यांवर मारून फेरमोजणी. आम्ही पोरं त्यांना आपसांत ‘शिरगणती खातं’ म्हणत असू.

तर तो आसनावरचा मेलेला प्राणी. त्याला ‘स्पेस जॉकी’ असं नाव पडलं आणि जगभरच्या रसिकांनी तेहेतीस वर्षं त्याच्यावर तर्क केले. भाचेरावांनी ते सगळे तर्क सहा महिन्यांत आमच्या जेवणाच्या टेबलावर वाढले. दिग्दर्शक एकदा म्हणे की हा प्रीक्वेल आहे, एकदा म्हणे की तसा नाही, पण रक्त त्याच कुळीचं आहे. जुन्या चित्रपटातली जागा एलव्ही-४२६, तर नव्यातली एलव्ही-२२३. या दोन आकड्यांतल्या तफावतीवर आमच्याकडे तीन दिवस चर्चा चालली. चौथ्या दिवशी आमच्या सौ.नी “एवढा हिशेब दूधवाल्याचा ठेवला असतास तर!” असं म्हणून ती आवरती घेतली.

फेब्रुवारीत एक चित्रफीत निघाली. तीत त्या कथेतला उद्योगपती भाषण करतो, आणि ते भाषण २०२३ सालचं. म्हणजे २०१२ साली २०२३चं भाषण ऐकून २०९३ साली घडणाऱ्या गोष्टीचा अंदाज बांधायचा, आणि ती गोष्ट १९७९च्या चित्रपटाच्या आधीची! आमच्या पंचांगकर्त्यांनाही इतकं जमणार नाही.

खरं सांगायचं तर मला त्या दिवसांत मजा येत होती. एरवी माझ्याशी “हो”, “नाही” आणि “पन्नास रुपये द्या” एवढंच बोलणारा पोरगा ताटावर तासभर बोलत बसे. मीही एक तर्क लढवला होता. तो प्राणी मेलेला नसून सरकारी कचेरीत काम करून थकलेला आहे, असा. तो स्वीकारला गेला नाही.

मग जून उजाडला. आम्ही दोघं चित्रपटाला गेलो. आणि काय कळलं? आसनावरची ती हत्तीच्या सोंडेसारखी भयाण आकृती म्हणजे एक पोशाख होता! आत एक गोरापान, टकला, उंच, व्यायामशाळेत जाणारा गृहस्थ. त्याची गुणसूत्रंही आपल्यासारखीच. तेहेतीस वर्षं ज्याने जगाची झोप उडवली, तो आपल्याच भाऊबंदांपैकी निघाला. पुढे २०१७ साली ‘कोव्हेनंट’ आला, आणि त्या राक्षसाला आजच्या रूपात एका यंत्रमानवाने प्रयोग करकरून घडवला, असं कळलं. त्या यंत्रमानवाला घडवला होता एका कंपनीने. म्हणजे भीतीचा मूळपुरुष शोधत गेलो तर हाती लागला एक कारखाना! आमच्या सातपूरच्या वसाहतीत असे शेकडो आहेत. तिथे जायला यान लागत नाही, बस मिळते.

घरी येताना भाचेराव गप्प होते. आवडला नाही असंही म्हणेनात. नुसते गप्प. आणि माझं भांडण सुरू होतं ते इथून.

माझं म्हणणं सरळ आहे. राक्षसाची पूर्वकथा सांगू नये. सांगणाऱ्याने सांगू नये, ऐकणाऱ्याने मागू नये. १९७९च्या त्या राक्षसाच्या पोशाखात एक जवळजवळ सात फूट उंचीचा तरुण होता. तो संपूर्ण दिसला तर पोशाखातला माणूस ओळखू येईल, म्हणून दिग्दर्शकाने राक्षस तुकड्यातुकड्यांनी दाखवला. इथे शेपटी, तिथे जबडा. उरलेला राक्षस प्रेक्षकाने आपापल्या घरून आणला. प्रत्येकाचा वेगळा, प्रत्येकाच्या मापाचा. पूर्वकथा काय करते? ती हे सगळे घरचे राक्षस गोळा करते आणि त्यांच्या बदल्यात एकच छापील राक्षस सगळ्यांच्या हातावर ठेवते.

यावर विद्वान म्हणतील, “अहो, आपल्या पुराणांत तर प्रत्येक राक्षसाला पूर्वकथा आहे!” आहे ना. वैकुंठाचे द्वारपाल जय आणि विजय शापाने खाली आले. तेच हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू झाले, तेच रावण-कुंभकर्ण, आणि तेच शिशुपाल-दंतवक्र. पण पुराणिकबुवांना तुम्हाला घाबरवायचं नसतंच मुळी. तुमची भीती काढून घ्यायची असते. ‘रावण म्हणजे आपल्याच देवाचा चुकलेला नोकर’ हे कळलं की पोर निवांत झोपतं. पुराणिकबुवा हे काम दक्षिणेत करतात. हे लोक त्याच कामाचं आगाऊ तिकीट लावतात, आणि वर म्हणतात, घाबरा.

दुसरे म्हणतील, प्रेक्षकांना उत्सुकता असते हो, नवं काहीतरी कळायला हवं असतं. याचं उत्तर आमच्या नाशिकच्या दादासाहेब फाळक्यांनी १९१७ सालीच देऊन ठेवलंय. ‘लंकादहन’ला लोकांची झुंबड उडाली. त्यातल्या एकाला तरी पुढे काय होणार हे ठाऊक नव्हतं का? राम आणि सीता ही दोन्ही कामं एकाच साळुंक्यांनी केली होती, तेही लोकांनी गोड मानून घेतलं. नवं कळावं म्हणून कोणी आलं नव्हतं. शेपटीला आग लागलेली डोळ्यांनी पाहायची होती.

एवढं सगळं मी भाचेरावांना वेळोवेळी ऐकवलं. बारा वर्षं ऐकवलं. मधल्या काळात ते नोकरीला पुण्याला गेले आणि आमचं बोलणं पुन्हा “हो”, “नाही”वर आलं.

मग सप्टेंबर २०२४ मध्ये ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरांत लागला. राही अनिल बर्वे यांचा, २०१८चा. पहिल्या वेळी जेमतेम चाललेल्या या चित्रपटाने दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली, आणि पाठोपाठ दुसऱ्या भागाची घोषणा झाली. झालं! शनिवारी भाचेराव दारात. “मामा, दुसऱ्या भागात हस्तरची पूर्वकथा असणार!”

हस्तर म्हणजे त्यातला राक्षस. देवीचा पहिला मुलगा, हावरट. सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही, आणि तो देवीच्या गर्भात कायमचा दडलेला. चित्रपट ही सगळी हकिकत सुरुवातीला दोन-तीन मिनिटांत उरकतो आणि मोकळा होतो. मला तेवढी पुरली होती. भाचेरावांना पुरेना. हा हस्तर कुठल्या पुराणात आहे, हे त्यांना शोधायचं होतं. “कुठल्याच नाही, चित्रपटवाल्यांनी रचलाय,” असं मी सांगून पाहिलं. पटेना. शेवटी रविवारी सकाळी मला स्कूटरवर मागे घालून ते थेट रामकुंडावर घेऊन गेले, आमच्या तीर्थोपाध्यायांकडे.

“गुरुजी, हस्तर ठाऊक आहे का?”

गुरुजींनी चष्मा वर केला. “आडनाव झालं. गाव कोणतं?”

“गाव तुंबाड.”

“कोकणातले यजमान आमच्याकडे नाहीत,” गुरुजी म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “तुमचं मात्र आहे. आलाच आहात तर नाव घाला. तुमच्या वडिलांनंतर कोणी आलेलं नाही.”

आमच्याकडे तीर्थोपाध्याय नामावळीच्या वह्या ठेवतात, हे तुम्हाला माहीत असेलच. कोणत्या गावचं कोणतं घराणं, कोण कधी आलं, कशासाठी आलं, खाली आलेल्याची सही. गुरुजींनी लाल फडक्यातून एक लांबट वही काढली आणि पानं मागे उलटायला लागले.

इथे आमच्या घराण्याची एक दंतकथा सांगायला हवी. आमचे पणजोबा गाव सोडून नाशकात आले ते गोऱ्या साहेबाच्या थोबाडीत मारून. माझ्या वडिलांच्या वेळी ती थप्पड एक होती. माझ्या चुलत्यांपर्यंत दोन झाल्या. माझ्या लहानपणी साहेब घोड्यावरून खाली पडत असे.

वहीत साहेब नव्हता. शके १८४०, कार्तिक महिना. पणजोबांचं नाव. अस्थिविसर्जनासाठी आले. पुढे तीन नावं : पत्नी, मुलगा, मुलगी. तिघांचा एकाच महिन्यातला मृत्यू. खाली पणजोबांची सही, आणि तिच्याशेजारी मोठाल्या वेड्यावाकड्या अक्षरांत आणखी एक. ती आजोबांची. वय वर्षं सात.

मी मनात हिशेब केला. शके १८४०चा कार्तिक म्हणजे १९१८चा नोव्हेंबर. इन्फ्लुएंझाच्या साथीने मुंबई इलाख्यात घरंच्या घरं रिकामी केली, तो हंगाम.

“मामा,” भाचेराव हळूच म्हणाले, “‘तुंबाड’ पण १९१८ मध्येच सुरू होतो.” मग बराच वेळ त्या वाकड्या सहीकडे बघत राहिले. “म्हणून ते रात्री मोजायचे का हो?”

साठ वर्षं मी त्या बॅटरीवर विनोद करत आलो होतो. याच लेखात वरही एक केला आहे. तो खोडावा असं मनात आलं होतं, पण राहू दे. मी तो केला होता हे तुम्हालाही कळलेलं बरं.

तेव्हा माझ्या मतात थोडी दुरुस्ती करून घ्या. पूर्वकथेला माझा विरोध नाही. राक्षसाच्या पूर्वकथेला आहे. राक्षसाची पूर्वकथा कळली की राक्षस लहान होतो आणि माणसाची कळली की माणूस मोठा होतो, इतका साधा हा हिशेब आहे. त्या तीन नावांपुढे आमच्या घराण्याची थप्पड कुठल्या कुठे गेली आणि पणजोबा मात्र एकदम उंच झाले. आता तुम्हीच सांगा, आसनावर मेलेल्या परक्या प्राण्याचं कूळ विचारायला जग तेहेतीस वर्षं दम धरतं, आणि बॅटरी घेऊन उभ्या असलेल्या घरच्या म्हाताऱ्याला “आजोबा, का मोजता?” एवढं विचारायला आपल्याला फुरसत होत नाही, याला काय म्हणायचं? राक्षसाचे निर्माते पैसा असेतो पूर्वकथा काढतीलच. २०२५ साली ‘एलियन’च्या आधी दोन वर्षं काय झालं, याची मालिकासुद्धा येऊन गेली. म्हाताऱ्यांच्या पूर्वकथेला कोणी निर्माता नाही. ती विचारली तरच निघते, आणि तीही ते आहेत तोवर.

गुरुजींनी त्या दिवशी माझं नाव घातलं, भाचेरावांचंही घातलं आणि दक्षिणा घेतली.

परवा रात्री पुण्याहून फोन आला. “मामा, त्या वहीतल्या दोन मुलांची नावं काय होती हो? मी लिहून घ्यायला विसरलो.” मी नावं सांगितली. त्यांनी लिहून घेतली, पुन्हा एकदा वाचून दाखवली. मग म्हणाले, “बरं, आता ‘तुंबाड’च्या दुसऱ्या भागाबद्दल माझा नवा अंदाज ऐका.”

ऐकला. पाऊण तास ऐकला.