पोकरचं पुस्तक मित्राला वाचायला द्याल का?

"पोकर हा जुगार नाही रे, स्किल गेम आहे." हे वाक्य गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने "पोकर हा..." म्हटलं की पुढचं मीच पूर्ण करतो. म्हणणारे सगळे आपल्यातलेच. सातारा-सांगलीकडून पुण्याला आलेले, आठवडाभर हिंजवडीत नाहीतर खराडीत कोड लिहिणारे आणि शुक्रवारी रात्री खंबाटकी घाटाच्या ट्रॅफिकला शिव्या घालत गावाकडे सुटणारे. आधी हे लोक फोनवर खेळायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम, कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद केले. त्यामुळे आता डाव बसतो तो कुणाच्या तरी शेतातल्या घरी, कासच्या रस्त्याला किंवा मिरजेच्या बाहेर. लाँग वीकेंड असला की आंबोली घाट उतरून थेट पणजी.

या मंडळींच्या कपाटात एक ठरलेला कप्पा असतो. डेव्हिड स्क्लान्स्कीचं 'द थिअरी ऑफ पोकर' (१९८७), डॅन हॅरिंग्टनच्या 'हॅरिंग्टन ऑन होल्डेम'चे तीन खंड (पहिला २००४ चा), डॉयल ब्रन्सनचं 'सुपर सिस्टिम'. मीही ही पुस्तकं वाचली आहेत आणि सांगतो, उत्तम आहेत. इंजिनिअरिंगला प्रोबॅबिलिटी जशी शिकवायला हवी होती आणि शिकवली नाही, तशी ती या पुस्तकांत आहे.

तर माझं म्हणणं पुस्तकांच्या विरोधात नाही. ही पुस्तकं खरी आहेत, त्यातलं कौशल्य खरं आहे, आणि नेमकं म्हणूनच 'स्किल गेम आहे' हा बचाव लंगडा आहे. कसं ते सांगतो.

आधी दुसऱ्या बाजूच्या काकांचं उत्तर देऊन टाकू. काकांच्या मते पत्ते म्हणजे नशीब, विषय संपला. काका, हे गणित बघा. तुमच्या हातात दोन बदाम आहेत, टेबलावर उघडलेल्या चार पानांत आणखी दोन बदाम. शेवटचं एक पान यायचंय. ते बदाम निघालं तर तुमचा फ्लश (तीन पत्तीवाले ज्याला कलर म्हणतात तो) आणि डाव तुमचा, नाहीतर गेला. न दिसलेली पानं ४६, त्यात बदाम ९. मध्ये ४०० रुपये पडलेत आणि समोरच्याने आणखी २०० लावले. तुम्ही २०० टाकायचे का? हाच प्रसंग ४६ वेळा आला तर ९ वेळा ६०० मिळणार, म्हणजे ५४००. उरलेल्या ३७ वेळा २०० जाणार, म्हणजे ७४००. दोन हजारांचा खड्डा. तेव्हा गुपचूप पॅक व्हायचं. आपल्याकडचा सरासरी गडी इथे काय करतो? "बदाम येतंय राव, वाटतंय मला" म्हणतो आणि दोनशे टाकतो. हा फरक नशिबाचा नाही.

ब्लफचंही तेच. लोकांना वाटतं की ब्लफ म्हणजे चेहरा दगडासारखा ठेवायची कला. पण जॉन फॉन नॉयमनने १९२८ मध्ये खेळांच्या सिद्धांतावर निबंध लिहिला, आणि मॉर्गेनस्टर्नबरोबरच्या १९४४ च्या पुस्तकात पोकरचं एक साधं रूप घेऊन दाखवून दिलं की ब्लफ किती वेळा करायचा हे गणितानेच ठरतं. जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या प्रोग्रामने चार अव्वल व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवलं. त्याला चेहराच नव्हता :) तेव्हा कौशल्य आहे. मान्य.

आता खरा प्रश्न. कसलं कौशल्य?

इथे मी सांगलीला येतो, कारण पुस्तक वाचून खेळ शिकण्याची आपल्याकडची थोर परंपरा तिथली आहे. नाट्यपंढरी सांगली ही बुद्धिबळाचीही पंढरी. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं आणि अख्खं आयुष्य त्या पटापायी घालवलं. वुमन ग्रँडमास्टर स्वाती घाटे याच गावची. माझं आजोळ सांगलीचं, त्यामुळे मे महिन्यातल्या स्पर्धांची हवा मला माहीत आहे. तिथली एक गोष्ट फार आवडायची. डाव संपला की हरलेला आणि जिंकलेला दोघं बाजूला बसून तोच डाव पुन्हा मांडायचे. "इथे घोडा का काढलास?" "अरे, उंट इकडे असता तर मी मेलोच होतो." जिंकलेला स्वतःहून आपली चाल समजावून सांगायचा. ओपनिंगचं पुस्तक या हातातून त्या हातात फिरायचं, पानं सुटेपर्यंत.

का फिरायचं? कारण बुद्धिबळात समोरच्याने पुस्तक वाचलं तर तुमचा फायदाच होतो. डाव चांगला होतो. तुम्ही हरलात तरी काहीतरी घेऊन उठता.

आता शनिवार रात्रीच्या पोकरच्या टेबलावर हेच करून बघा. डाव जिंकलेला माणूस आपले पत्ते न दाखवताच गड्डीत सरकवतो, आणि पुस्तकंही त्याला हेच सांगतात. फुकट माहिती देऊ नका. बरोबरच आहे, कारण त्याच्या नफ्याचं मूळ तुमच्या अज्ञानात आहे. टेबलावरच्या सहाच्या सहा जणांनी स्क्लान्स्की सारखाच पचवला, तर कुणालाच काही उरत नाही, पैसे नुसते गोल फिरतात. बुद्धिबळाच्या पुस्तकाची किंमत वाचणारे वाढले की वाढते, पोकरच्या पुस्तकाची कमी होते. खुद्द ब्रन्सनने पुढे बोलून दाखवलं की 'सुपर सिस्टिम' लिहून आपलं नुकसानच झालं, सगळ्यांना आपला खेळ कळला. बुद्धिबळातला कुठला मोठा लेखक असं म्हणेल? हॅरिंग्टनची गंमत तर अशी की तो तरुणपणी बुद्धिबळातला मास्टर होता. १९९५ ची पोकरची जागतिक स्पर्धा जिंकणारा माणूस कुठून शिकून आला बघा.

आपल्या पूर्वजांना हे नीट कळलं होतं. महाभारताच्या वनपर्वात नळाची गोष्ट येते. द्यूतात राज्य हरलेला नळ बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पानं-फळं नुसत्या नजरेने मोजून दाखवतो. नळ थक्क होतो आणि घोड्यांच्या विद्येच्या बदल्यात त्याच्याकडून 'अक्षहृदय' शिकतो. अक्षहृदय म्हणजे फाशांची विद्या. (इयन हॅकिंगने संभाव्यतेच्या इतिहासावरच्या १९७५ च्या पुस्तकात या गोष्टीची दखल घेतली आहे, म्हणजे मी उगाच 'आमच्याकडे सगळं होतंच' मोडमध्ये गेलेलो नाही.) मग नळ पुष्कराला खेळायला बोलावतो आणि राज्य परत जिंकतो. स्किल गेमवाल्यांना ही गोष्ट फार आवडेल. पण नळ जिंकला कारण पुष्कराकडे अक्षहृदय नव्हतं. ऋतुपर्णाने वाटेत पुष्करालाही तोच क्लास दिला असता तर?

आणि पुढची गोष्ट कुणी सांगत नाही. ही कथा ऐकवल्यावर बृहदश्व ऋषी तीच विद्या युधिष्ठिराला देतात. मग तो अज्ञातवासात कंक नावाने विराटाच्या दरबारी द्यूत खेळणारा सभासद होऊन राहतो. वाईला आपल्याकडे विराटनगरी म्हणतात, तेव्हा सातारकरांनी हा घरचाच प्रसंग समजावा. एकदा विराट खेळायचा हट्ट धरतो, तर हा कंक त्याला सांगतो की राजा, द्यूतात दोष फार, टाळलेलं बरं. अख्ख्या दरबारात फाशांचं शास्त्र येणारा हाच, आणि नको म्हणणाराही हाच.

बरं, 'मी पुष्कर नाही, मी नळ आहे' हे तुम्हाला कशावरून कळलं? इथे इंजिनिअर लोकांनी जरा कॅलक्युलेटर काढावा. ऑनलाइन टेबलावर चांगला मानला जाणारा खेळाडू १०० डावांमागे ५ मोठे ब्लाइंड कमावतो असं धरू (ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटायच्या आधी टाकायची सक्तीची रक्कम). चढउतार, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, त्याच १०० डावांमागे ९० ब्लाइंड धरू. मोठा ब्लाइंड २० रुपयांचा. आता १०,००० डाव खेळा. सरासरी कमाई १०,००० रुपये, चढउतार १८,०००. गणित केलंत तर दिसेल की खरोखर चांगला असलेला हा माणूस १०० पैकी साधारण २९ वेळा तोट्यात असेल. आणि तेवढ्याच मापाने वाईट असलेला माणूस १०० पैकी २९ वेळा नफ्यात असेल, आणि मित्रांना पुस्तकांची नावं सुचवत असेल. घरगुती टेबलावर तासाला ३० डाव होतात, रात्री पाच तास खेळलात तर १५०. म्हणजे १०,००० डावांना ६७ शनिवार. सव्वा वर्ष जागून काढल्यावरही आपण हुशार की नशीबवान ते कळत नाही, आणि सरासरी कमाई रात्रीला दीडशे रुपये. यापेक्षा जास्त सर्व्हिस रोडवर वडापाव विकणारा कमावतो.

"पण मित्रांमध्ये विन रेट जास्त पडतो रे!" पडतो ना. मित्र जेवढे कच्चे तेवढा जास्त पडतो. मी तेच तर म्हणतोय.

आमच्या ग्रुपमध्ये एकजण आहे. कुपवाडच्या एमआयडीसीत सुपरवायझर, दोन पोरं, घराचा हप्ता. त्याने एकही पुस्तक वाचलेलं नाही. तो येतो कारण शाळेतले मित्र भेटतात. जवळजवळ दर खेपेला तो दोन-तीन हजार घालवून उठतो, "चालायचंच लेका" म्हणतो आणि गाडीला किक मारतो. पोकरच्या भाषेत अशा माणसाला 'फिश' म्हणतात. आमच्यात त्याला सहावीपासूनचं वेगळं टोपणनाव आहे. पुस्तकं सांगतात की सगळ्यात महत्त्वाचं कौशल्य म्हणजे टेबल निवडणं, जिथे फिश आहेत तिथे बसा. आणि आमचे स्किलवाले दर शुक्रवारी पहिला फोन कुणाला करतात? त्याला. "येतोयस ना?" इतक्या प्रेमाने की ऐकणाऱ्याला गहिवरून यावं.

आणि गोव्याला गेलात तर वर नाल आहेच. जुगाराच्या अड्ड्याचा मालक प्रत्येक डावातून जो आपला हिस्सा काढतो त्याला आपल्याकडे नाल म्हणतात. कॅसिनोत त्यालाच रेक म्हणतात, एवढाच फरक. सहा जण पाच-पाच हजार घेऊन बसले, रात्रभरात ३,००० नालेत गेले, तर उरले २७,०००. सगळे सारखेच हुशार असले तरी माणशी ५०० गेलेच. स्किल गेमवाले १९६८ चा सर्वोच्च न्यायालयाचा रमीवरचा निकाल तोंडपाठ म्हणतात, की रमीत मुख्यतः कौशल्य लागतं. त्याच निकालात पुढे हेही आहे की क्लब किंवा जागेचा मालक त्या खेळातून नफा काढत असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. तेवढं पान बरोबर गळतं.

शेवटचा आक्षेप मला माहीत आहे. "मग शेअर बाजार काय वेगळा?" शेअर घेतलात तर कंपनी काहीतरी बनवते, नफा बाहेरून येतो. एफ अँड ओ म्हणत असाल तर मात्र तुमच्याशी सहमत. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की तीन आर्थिक वर्षांत तिथल्या व्यक्तिगत ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. तेही पुस्तकं वाचूनच आले होते. दुसरा खड्डा दाखवल्याने पहिला बुजत नाही.

तर मंडळी, पुस्तकं जरूर वाचा. ४६ पानांत ९ बदाम हा हिशोब ज्याला पटकन जमतो तो प्रोजेक्टची डेडलाइन देतानाही कमी थापा मारतो. डावही मांडा, चिंचोक्यांवर मांडा, हरल्यावर सांगलीसारखं पुन्हा उलगडून बघा. पण पैसे लावून वर 'स्किल गेम' म्हणणार असाल तर एकच करा. पुढच्या शनिवारच्या आधी ते पुस्तक टेबलावरच्या सगळ्यात कच्च्या मित्राला वाचायला द्या. नुसतं देऊ नका, बसून समजावून सांगा, अगदी टेबल निवडण्याच्या प्रकरणासकट.

हात आखडला? मग तुमच्या कौशल्याचं नाव तुम्हाला माहीत आहे. मी कशाला सांगू.