शिक्षा झालेल्या विद्यार्थ्यानें दाद कोठें मागावी?

विरारचा व्यापारी किंवा कारकून पदरमोड करून मुलांस मुंबईच्या कॉलेजांत धाडतो. उद्यां त्याच मुलावर कॉलेजानें काढून टाकल्याचा हुकूम बजावला, तर बापानें धाव कोठें घ्यावी? हायकोर्टाकडे, कीं तक्रार समितीकडे?

सन २०२५ च्या मे महिन्यांतील दोन निकाल या प्रश्नावर चांगला प्रकाश पाडतात. पुण्याच्या सिंहगड अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगनें एका विद्यार्थिनीस समाजमाध्यमांतील मजकुराबद्दल, तिचें म्हणणें न ऐकतां, काढून टाकलें. ता. २७ मे रोजीं मुंबई हायकोर्टानें तो हुकूम तहकूब केला व तिला परीक्षेस बसूं दिलें. उलट, टाटा समाजविज्ञान संस्थेनें एप्रिल २०२४ मध्यें एका संशोधक विद्यार्थ्यास दोन वर्षें निलंबित केलें. हायकोर्टानें त्याचा अर्ज मार्च २०२५ मध्यें फेटाळला. पुढें सुप्रीम कोर्टानें शिक्षा भोगलेल्या मुदतीपुरतीच ठेवली. परंतु तोंवर वर्षाहून अधिक काळ वायां गेलाच होता!

शिवाय कोर्ट कांहीं दुसरी परीक्षासमिति नव्हे. सन १९९० च्या शालान्त परीक्षेंतील गुणांच्या फेरफाराच्या प्रकरणीं, हायकोर्टानें विद्यार्थ्यांच्या बाजूनें दिलेला निकाल सुप्रीम कोर्टानें १९९१ सालीं फिरविला. पुरावा तोलण्याचें काम प्रथम शिक्षणसंस्थेचें; चौकशी न्यायाची झाली कीं नाहीं, हें पाहणें कोर्टाचें.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणें तक्रार समितीनें शक्यतों पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो, व तिच्यावर लोकपालाकडे अपील चालतें. हा मार्ग अल्प खर्चाचा आहे. मात्र समितींत त्याच संस्थेचे प्राध्यापक बसतात व लोकपालहि विद्यापीठच नेमतें. ज्यानें शिक्षा दिली त्याच्याच घरीं न्याय मागावयाचा, तर लोकांचा विश्वास बसावा कसा?

आमचें मत असें कीं, वेळ असेल तेथें प्रथम लेखी तक्रार करावी. परंतु परीक्षा तोंडावर आली असेल, किंवा बाजूच ऐकून घेतली नसेल, तर कोर्टाची पायरी चढण्यास कचरूं नये. नैसर्गिक न्यायाचा भंग झाला असतां, दुसरा मार्ग शिल्लक आहे एवढ्यावरून कोर्ट दार बंद करीत नाहीं. सरकारनें लोकपालाची निवड विद्यापीठाच्या हातून काढावी व त्याचे निकाल, विद्यार्थ्यांचीं नांवें वगळून, प्रसिद्ध करवावे. कॉलेजांनीं आरोप लेखी द्यावा, उत्तरास मुदत द्यावी, हुकुमांत कारणें लिहावीं. एवढें घडलें तर कोर्टांत जाण्याची वेळ क्वचितच येईल. ज्या विद्यालयांत तरुणांस न्यायानें वागविलें जात नाहीं, तेथून न्यायी नागरिक बाहेर पडतील अशी आशा राष्ट्रानें कोणत्या तोंडानें करावी?