क्विनोआचं पाकीट आणि बोरीची ज्वारी

दिवाळीला मुलगा-सून पुण्याहून बोरी अरबला आले. सामानात अर्ध्या किलोचं एक पाकीट होतं... क्विनोआ! किंमत वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. सूनबाई आठवड्यातून तीन दिवस ऑफिसच्या डब्यात हेच नेतात. सकाळी त्यांनी ते पाण्यात चोळचोळून धुतलं, तर पाण्यावर फेस! रिठ्यात असतं तेच सॅपोनिन दाण्यावर असतं, नीट धुतलं नाही तर कडू लागतं. दुप्पट पाण्यात शिजवलं, दाण्यांना पांढऱ्या शेपट्या फुटल्या, मग गाजर-मटार घालून उपमा. मी खाल्ला. खोटं कशाला बोलू, बरा लागला. पण दोन घास खाल्ले आणि म्हटलं, "अगं, या तर कण्या!"

वाद तिथून सुरू झाला.

क्विनोआशी माझं वैर नाही, हे आधीच सांगतो. ते बोलिव्हिया-पेरूच्या डोंगरातलं पीक. तसं ते तृणधान्यही नाही, आपल्या चाकवताच्या कुळातलं. शंभर ग्रॅमला चौदा-एक ग्रॅम प्रथिनं, ज्वारीत दहाच्या आसपास. शिवाय ज्वारीत लायसीन कमी, क्विनोआत ते पुरेसं. सूनबाईंनी हे मोबाईलवर दाखवलं आणि ते खरंच आहे. पण कोरडी ज्वारी खातो कोण? तुरीच्या वरणात लायसीन असतं. अंबाडीच्या भाजीत तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या एकत्र घालणाऱ्या आमच्या आज्यांना लायसीन हा शब्द ठाऊक नव्हता, एवढंच.

त्यांचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार होता. "बाबा, भाकर दुपारपर्यंत कडक होते. डब्यात कशी नेऊ?" बरोबर आहे. म्हणूनच कण्या! रात्री भिजत घाला, सकाळी कुकरमध्ये तीन-चार शिट्ट्या, वरून फोडणी. हव्या तर ताकात कालवून खा.

तर सांगायचा मुद्दा हा, की माझा राग सूनबाईंवर नाहीच. राग आहे तो आपल्या सगळ्यांवर. २०१३ साल आठवा. संयुक्त राष्ट्रांनी ते क्विनोआचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं. त्याच वर्षी आपल्याकडे अन्नसुरक्षा कायदा आला आणि त्यात रेशनचे दर ठरले... तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया! ज्वारी त्या 'भरड' मध्ये. ज्याला आपणच सगळ्यात कमी किमतीचं म्हटलं, ते आपली पोरं डब्यात का नेतील? पुढे २०१८ मध्ये सरकारने 'भरड' शब्द बदलून 'पौष्टिक' केला, २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, भारताच्याच पुढाकाराने. हॉटेलांत नाचणीची बिस्किटं मिरवली गेली. आमच्या कार्डावर मात्र गहू-तांदूळच येत राहिले.

क्विनोआचंही तिकडे हेच झालं होतं बरं का. गोऱ्यांनी त्याला 'इंडियन लोकांचं खाणं' म्हणून हिणवलं, शहरं पावावर आणि शेवयांवर गेली. बाहेरच्यांनी मागितलं तेव्हा भाव चढला, २०१५ मध्ये कोसळला. म्हणजे तिकडच्या गरिबाचं धान्य इकडे श्रीमंताचं होतं आणि इकडच्या गरिबाचं धान्य कुठेच जात नाही.

आता माझाही कबुलीजबाब. नोकरी लागली तेव्हा मी घरी सांगून टाकलं, डब्यात पोळीच हवी. शिक्षकांच्या खोलीत भाकर उघडायची लाज वाटे. वर्गात एक मुलगा भिंतीकडे तोंड करून जेवायचा, डब्यात भाकर आणि ठेचा. मला दिसायचं. त्याच्याजवळ जाऊन त्याच्या डब्यातला एक तुकडा मोडून खाणं, एवढंच करायचं होतं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत ते मी एकदाही केलं नाही.

असो.

सूनबाई म्हणाल्या, "द्या मग पाच किलो कण्या, नेते." मी हुरूपाने चक्कीवर गेलो. चक्कीवाला हसला. "गुरुजी, कण्या कोन भरडते आता? एवढ्यासाठी दगड ढिले करून पुन्हा कोन बसवते?" शेवटी माळ्यावरून आईचं जातं उतरवलं. खुंटा हलत होता, तो ठोकून बसवला. आमची ही आणि मी आळीपाळीने बसलो. तासाभरात दोन किलोही झालं नाही आणि माझा खांदा भरून आला. सूनबाईही बसल्या, तिसऱ्या फेऱ्यात त्यांचा हात लयीत आला. नातीने व्हिडिओ काढला, तो कुठे टाकला असेल देव जाणे.

ज्वारीचं मात्र विचारू नका. एके काळी दिवाळीत इथल्या शिवारात माणूस दिसणार नाही एवढी ज्वारी उभी असे. शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं, त्याने पेरणंच सोडलंय. रानडुकरं आणि रोही कणसं ठेवत नाहीत, उशिराच्या पावसाने दाणा काळा पडतो, बैल विकल्यावर कडबा कुणाला घालायचा? सोयाबीन निदान विकलं तरी जातं. त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही. जात्यात घातली ती ज्वारी यवतमाळच्या दुकानातून आणली होती. पोत्यावर नाव सोलापूरचं होतं.