दहा डॉलरवर दोन सेंट : दिव्यांग मुलांच्या पालकांची मतपेटीतली लढाई आणि आपला पाच टक्के निधी

"टीचर, मैं नहीं रहूँगी तो इसका क्या होगा?" पालकसभा संपल्यावर एका आईने मला हा प्रश्न विचारला होता. तिचा मुलगा बौद्धिक दिव्यांग आहे. शाळेत येतो, मुलांमध्ये रमतो, मधल्या सुट्टीची घंटा वाजवायला मिळाली की दिवसभर खूश असतो. पण शाळा संपली की पुढे काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बीएडला बालमानसशास्त्र शिकवलं होतं, हे शिकवलं नव्हतं.

हाच प्रश्न अमेरिकेतल्या आई-वडिलांनाही पडतो. पैसेवाला देश आहे, तिथे सरकार सगळं बघत असेल, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तिथल्या पालकांना अनेकदा सह्यांचे कागद घेऊन रस्त्यावर उभं राहावं लागलं आहे. "आमच्या मुलांसाठी थोडा जास्त कर द्या" असं अनोळखी माणसांना विनवावं लागलं आहे. कुठे ते जिंकले, कुठे सपाटून हरले. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत झालेल्या नव्या कायद्यामुळे मेडिकेड या आरोग्य योजनेवरचा केंद्राचा खर्च पुढच्या काही वर्षांत मोठ्या प्रमाणात कमी होणार आहे. त्यामुळे हा विषय तिथे पुन्हा ऐरणीवर आला आहे. आपल्यालाही त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे.

शाळा हक्काची, पुढचं आयुष्य रांगेतलं

अमेरिकेत दिव्यांग मुलांना शाळेचा हक्क मिळाला तो पालकांमुळेच. १९५० मध्ये बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांनी एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना काढली, ती आज 'द आर्क' या नावाने ओळखली जाते. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या तिच्या शाखेने १९७१ मध्ये न्यायालयात दावा लावला, की आमच्या मुलांना शाळेत का घेत नाही? त्यातून वाट मोकळी झाली आणि १९७५ मध्ये देशभरासाठी कायदा झाला. आता साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत प्रत्येक दिव्यांग मुलाला मोफत आणि त्याला साजेसं शिक्षण देणं बंधनकारक आहे.

खरी अडचण त्यानंतर येते. मोठ्या झालेल्या मुलाला अंघोळ-जेवणाला मदत, दिवसाचं काम, राहण्याची सोय हवी असते. यातल्या बऱ्याच सेवा मेडिकेडच्या पैशातून मिळतात. त्यासाठी केंद्राने १९८१ मध्ये राज्यांना एक सवलत दिली. दिव्यांग माणसाला मोठ्या संस्थेत न ठेवता घरी किंवा वस्तीत ठेवून सेवा द्यायच्या असतील, तर राज्याने तशी योजना करावी. पण त्या सवलतीत एक मेख आहे. किती लोकांना सेवा द्यायची, तो आकडा राज्य ठरवू शकतं. नर्सिंग होमचा खर्च देणं राज्याला बंधनकारक आहे, घरी राहून मिळणाऱ्या सेवा मात्र ऐच्छिक आहेत. म्हणजे मूल पात्र आहे, कागदपत्रं पूर्ण आहेत, तरी नाव प्रतीक्षा यादीत. काही राज्यांत ही रांग वर्षानुवर्षं हलत नाही. वडील सत्तरीचे होतात, मुलगा चाळिशीचा होतो, रांग तशीच.

कोलोरॅडोतल्या पालकांनी काय केलं?

कोलोरॅडो राज्याची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. तिथे १९९२ पासून राज्यघटनेत अशी तरतूद आहे, की मतदारांनी मंजुरी दिल्याशिवाय सरकारला कर वाढवता येत नाही. आमदारांना दिव्यांगांची कितीही कळकळ असली तरी नवा कर ते स्वतःहून लावू शकत नाहीत. पालकांना मंत्रालयात खेटे घालून उपयोग नाही, मतदाराच्याच दारात जावं लागतं.

२००३ मध्ये डेन्व्हर शहरात हा मार्ग यशस्वी झाला. बौद्धिक आणि विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या रहिवाशांसाठी मालमत्ता करात थोडी वाढ करायला तिथल्या मतदारांनी होकार दिला. ते पैसे फक्त याच कामासाठी राखून ठेवायचे होते.

मग २००८ मध्ये अख्ख्या राज्यासाठी प्रयत्न झाला. प्रस्तावाचं नाव 'अमेंडमेंट ५१'. राज्याचा विक्रीकर तेव्हा २.९ टक्के होता. तो दोन टप्प्यांत ३.१ टक्के करायचा आणि वाढीव पैसा दिव्यांगांच्या सेवांवर घालून प्रतीक्षा यादी संपवायची, अशी मागणी होती. म्हणजे दहा डॉलरच्या खरेदीवर दोन सेंट. शंभर रुपयांच्या किराण्यावर वीस पैसे म्हणा ना. यात आणखी एक गणित होतं. मेडिकेडच्या सेवांवर राज्याने एक डॉलर घातला की केंद्रही जवळपास तेवढाच घालत होतं. म्हणजे मतदाराच्या दोन सेंटचे चार होऊ शकत होते.

प्रस्ताव मतपत्रिकेवर यायला त्या वर्षी ७६ हजारांहून जास्त मतदारांच्या वैध सह्या लागत होत्या. त्या गोळा झाल्या, प्रस्ताव मतपत्रिकेवर आला आणि ४ नोव्हेंबर २००८ ला पडला. दहापैकी सहाहून जास्त मतदारांनी 'नाही' म्हटलं. त्याच दिवशी त्याच राज्याने बराक ओबामांना निवडून दिलं होतं. म्हणजे बदलाला मत देणाऱ्या अनेकांनी या दोन सेंटला नकार दिला.

लोक निर्दयी होते का?

मला तसं वाटत नाही. हरण्याची कारणं समजून घेतली पाहिजेत.

पहिलं कारण वेळेचं. सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली होती. लोकांची घरं आणि नोकऱ्या धोक्यात होत्या. स्वतःच्या घराचा हप्ता कसा भरायचा या विवंचनेतल्या माणसापुढे नव्या कराचा कागद आला.

दुसरं कारण मतपत्रिकेचं. त्या वर्षी कोलोरॅडोच्या मतदारापुढे राज्यपातळीवरचे तब्बल १४ प्रस्ताव होते. त्यातच राज्याच्या त्या करविषयक तरतुदीनुसार कराच्या प्रश्नाची सुरुवात ठराविक शब्दांत करावी लागते. 'राज्याचे कर वर्षाला १८ कोटी ६१ लाख डॉलरने वाढवावेत का?' असा या प्रश्नाचा आरंभ होता. दिव्यांग मुलाचा उल्लेख त्यानंतर. मतदाराला आधी करोडोंचा आकडा दिसला. 'दहा डॉलरवर दोन सेंट' हे सांगण्याचं काम पालकांना बाहेर, प्रचारात करावं लागलं.

तिसरं कारण तत्त्वाचं, आणि ते टाळून चालणार नाही. विक्रीकर गरीब-श्रीमंत सगळ्यांवर सारखाच लागतो, त्यामुळे गरिबाच्या खिशाला तो जास्त जाणवतो. शिवाय प्रत्येक गरजू गटाने आपापला वेगळा कर मंजूर करून घेतला तर राज्याचं अंदाजपत्रक करायचं कसं? हा आक्षेप चुकीचा म्हणता येत नाही. पण पालकांना दुसरा रस्ता होता कुठे?

प्रस्ताव पडला तरी मागणी संपली नाही. २०१४ मध्ये विधिमंडळाने कायदा केला, की २०२० पर्यंत पात्र व्यक्तींना वेळेवर सेवा मिळतील असा आराखडा तयार करावा. ती मुदत उलटून गेली तरी मोठ्यांसाठीच्या पूर्ण वेळ सेवांची रांग काही संपली नाही. माझ्या मते मात्र २००८ ची मेहनत वाया गेली नाही. चार भिंतींआडचं दुःख राज्यापुढे आलं आणि यादी हा राजकीय प्रश्न झाला.

मंजुरी मिळाली, मग हिशोब कोण बघणार?

आता जिंकलेल्या डेन्व्हरकडे पुन्हा वळू. तिथला कर अकरा वर्षं वसूल होत राहिला आणि २०१४ मध्ये शहराच्या ऑडिटरने त्या पैशांच्या खर्चावर गंभीर प्रश्न उपस्थित केले. पैसे ज्या संस्थेमार्फत खर्च होत होते तिच्यावर शहराची देखरेख पुरेशी नव्हती, असं त्यात दिसून आलं. मतदारांनी विश्वासाने दिलेला पैसा, पण तो मुलांपर्यंत नीट पोचतोय का हे बघणारी नजर ढिली पडली. हरण्याइतकीच ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

मिझुरी राज्याने यावर आधीच एक उपाय केला होता. १९६९ पासून तिथे कायदा आहे, की एखाद्या काउंटीतल्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागातल्या, मतदारांनी मंजूर केलं तर दिव्यांगांच्या सेवांसाठी मालमत्ता कर लावता येतो. तो पैसा नऊ जणांचं मंडळ सांभाळतं. त्यातले किमान दोन सदस्य दिव्यांग व्यक्तीचे जवळचे नातेवाईक असले पाहिजेत, असं कायद्यातच लिहिलं आहे. ज्याच्या घरात दुखणं आहे तोच हिशोबाच्या टेबलावर बसतो. बंदोबस्त म्हणतात तो असा.

ओहायो राज्यात ८८ काउंटींमध्ये दिव्यांगांसाठी मंडळं आहेत आणि त्यांचा मोठा आधार मतदारांनी मंजूर केलेला मालमत्ता करच आहे. पण तिथे सध्या मालमत्ता करच कायमचा रद्द करा, अशी सह्यांची मोहीम चालू झाली आहे. ती यशस्वी झाली तर या मंडळांचं काय होईल याची चिंता पालकांना आहे. मताने मिळालेलं मतानेच जाऊ शकतं, हा या मार्गातला कायमचा धोका.

आणि आपण?

आपल्याकडे करासाठी जनमत घेण्याची पद्धत नाही. त्यामुळे हा सगळा प्रकार दूरचा वाटेल. पण जे मिळवायला कोलोरॅडोतल्या पालकांना ७६ हजार सह्या लागल्या आणि तरीही मिळालं नाही, त्या प्रकारची तरतूद महाराष्ट्रात आधीच आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका, या सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवायचा आणि खर्च करायचा आहे. पूर्वी हे प्रमाण तीन टक्के होतं. एखाद्या ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न दहा लाख असेल, तर वर्षाला पन्नास हजार रुपये दिव्यांगांचे. मत मागायला नको, सह्या नकोत.

मग अडतं कुठे? डेन्व्हरमध्ये अडलं तिथेच. विचारणारा नसला की निधी कागदावर राहतो किंवा मार्च महिन्यात घाईघाईने कसातरी संपवला जातो.

दुसरी अडचण आपल्या घरातली आहे आणि ती बोललीच पाहिजे. आपल्याकडे बौद्धिक दिव्यांग मूल, त्यातही मुलगी असेल, तर ती लोकांसमोर येऊ नये अशी कुटुंबाची धडपड असते. मोठ्या बहिणीचं स्थळ मोडेल ही भीती असते. त्यामुळे दाखला काढला जात नाही, यूडीआयडी कार्ड काढलं जात नाही. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. त्यात स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, सेरेब्रल पाल्सी हे सगळं येतं. पण ज्याचं कार्ड नाही त्याची नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी निधी मागणार तरी कसा? संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान २०२५ मध्ये महिना १५०० वरून २५०० रुपये झालं. त्यासाठीही दाखला लागतोच.

रमजानमध्ये कुणी मायेने हातात काही ठेवलं तर घ्यायला हरकत नाही. पण नगरपालिकेच्या पाच टक्क्यांत आपल्या मुलाचा वाटा ही खैरात नाही, तो त्याचा हक आहे. खैरात मागताना मान खाली जाते. हकाचं मागताना ती खाली घालायचं कारण नाही.

करायचं काय, तर तीन प्रश्न विचारायचे. गेल्या वर्षी संस्थेचं स्वतःचं उत्पन्न किती होतं? त्याचे पाच टक्के किती झाले? ते कोणावर, कशासाठी खर्च झाले? गावात असाल तर ग्रामसभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. शहरात असाल तर नगरसेवकाला विचारा. प्रचाराला दारात येणाऱ्या उमेदवाराला तर नक्की विचारा. तोंडी उत्तर मिळालं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहे, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. एकट्याने जाऊ नका. चार-पाच पालक मिळून जा, त्यात सगळ्या समाजाचे पालक घ्या. दिव्यांगत्व जात-धर्म विचारून घरात येत नाही, आणि कोलोरॅडोपासून मिझुरीपर्यंत जे काही मिळालं ते एकत्र आलेल्या पालकांनाच मिळालं.

त्या आईच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर आजही माझ्याकडे नाही. पण गेल्या महिन्यात तिने मुलाचं यूडीआयडी कार्ड काढलं. मागच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर आम्ही दोघींनी बसून नगरपरिषदेसाठी तीन प्रश्नांचा अर्ज लिहिला. तिला मराठी लिहिणं जड जातं, म्हणून लिहिलं मी. सही तिने स्वतः केली, उर्दूत. अर्ज दाखल झाला आहे, तिसाव्या दिवसाची वाट बघतोय.