कशाचे ऐंशी टक्के?

मागच्या अंकात माझं एक भाषण छापून आलंय. आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत त्याला दुसरं बक्षीस मिळालं होतं. त्यातल्या तिसऱ्या वाक्यात मी ठणकावून सांगितलं होतं की जगातल्या एकूण डेटापैकी ८० टक्के डेटा भौगोलिक असतो. ते वाक्य मी परत घेतेय. का, ते सांगायला हा लेख.

वाक्य माझं नव्हतंच. एका करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानात पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसलं, मी वहीत उतरवून घेतलं. हैदराबादमध्ये राहणाऱ्याला ते खरं वाटायला वेळही लागत नाही. बालानगरला राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र आहे, ‘भुवन’ हे नकाशांचं पोर्टल तिथलंच. उप्पलला भारतीय सर्वेक्षण विभागाची प्रशिक्षण संस्था आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांची जागतिक भूस्थानिक परिषदसुद्धा आपल्याच शहरात भरली होती. एवढं सगळं नकाशांचं काम इथे चालतं म्हटल्यावर ८० टक्के असणारच की! परीक्षकांनीही मान डोलावली.

घरी अंक वाचून मम्मीनं मात्र एकच प्रश्न विचारला. “कशाचे ऐंशी टक्के गं?”

मम्मी रविवारी मिस्सा झाल्यावर पॅरिश ऑफिसमध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदवहीचं काम बघते. मी म्हटलं, “डेटाचे.” ती म्हणाली, “म्हणजे काय मोजलं? नोंदी मोजल्या, की पानं मोजली, की रकाने? आमच्या वहीत प्रत्येक नोंदीवर चर्चचं नाव असतं. मग आमची वही शंभर टक्के का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग वाटलं, हे वाक्य पहिल्यांदा कोण म्हणालं ते तरी शोधू.

शोधायला बसल्यावर लक्षात आलं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. बरेच जण १९९२ सालच्या फ्रँकलिन यांच्या एका लेखाकडे. पण आकडा त्याहून जुना आहे. विल्यम हक्सहोल्ड यांचं शहरांच्या भौगोलिक माहिती प्रणालीवरचं पुस्तक १९९१ चं. त्यात कॅनडातल्या बर्नाबी या नगरपालिकेच्या १९८६ च्या एका माहितीपत्रकाचा उल्लेख आहे. बर्नाबी हे व्हँकूव्हरला लागून असलेलं शहर. अशी प्रणाली घ्यायची तर गरज किती, याची पाहणी त्या नगरपालिकेनं केली होती. तिथे जमा होणाऱ्या आणि वापरल्या जाणाऱ्या माहितीपैकी ८० ते ९० टक्के माहितीचा भूगोलाशी संबंध आहे, असं त्यात निघालं. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, रॉबर्ट विल्यम्स यांनी एका परिषदेत निबंध मांडला. त्यात म्हटलंय की स्थानिक शासनात धोरण ठरवणाऱ्यांना जी माहिती लागते, त्यातली ८० टक्के स्थानाशी निगडित असते. निबंधाचा विषय काय, तर धोरणकर्त्यांना ही प्रणाली कशी विकावी. ‘विकणं’ हा शब्द शीर्षकातच आहे, मी पदरचा घातलेला नाही.

आता नगरपालिकेच्या दप्तरात काय असतं? घरपट्टी, नळजोडणी, गटारं, रस्त्याचे दिवे, बांधकाम परवाने. यातलं जागेशिवाय काय आहे? उलट मला तर ऐंशी कमीच वाटतात. म्हणजे मुळात ते विधान अगदी साधं आणि बहुतेक खरंच होतं. फक्त एका गावच्या, एका कचेरीच्या, एका कामापुरतं. पुढे तोंडातोंडी ‘नगरपालिकेच्या’ हा शब्द गळाला. ‘८० ते ९०’ मधले ९० गळाले. ‘धोरण ठरवणाऱ्यांना लागणारी’ हेही गळालं. उरलं काय, तर जगातला एकूण डेटा.

आम्हा साहित्याच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट नवी नसायला हवी. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याचसाठी. नकलून नकलून पाठ बिघडत गेले होते. गाथेच्या बाबतीत तर शेवटी ‘तुका म्हणे’ आलं की अभंग तुकोबांचाच, असं लोक धरून चालतात. अभ्यासक मात्र तेवढ्यावर थांबत नाहीत, हस्तलिखितं शोधतात, भाषा तपासतात. वर्गात मी यावर दहा गुणांचं उत्तर लिहिलंय. आणि ‘संशोधन सांगतं’ ही मुद्रा बघून मीच एक आकडा डोळे मिटून घेतला. आकड्यालाही पाठभेद असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कविता असती तर मी विचारलं असतं.

या आकड्याची तपासणीही झालेली आहे. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठातले हाहमान आणि बुर्गहार्ट यांनी २०१३ मध्ये जर्मन विकिपीडिया घेऊन हा दावा तपासला. एका बाजूनं त्यांनी लेखांमधले दुवे पाहिले, म्हणजे एखाद्या लेखापासून अक्षांश-रेखांश असलेला लेख किती जवळ आहे ते. दुसऱ्या बाजूनं माणसांनाच विचारलं की हे तुम्हाला भौगोलिक वाटतं का. उत्तर ६० टक्क्यांच्या आसपास आलं. मी क्षणभर खूश झाले, चला, खरा आकडा सापडला! पण तो जर्मन विकिपीडियाचा आहे. बँकेच्या व्यवहारांचा नाही, दवाखान्याच्या केसपेपरचा नाही, आपल्या मोबाइलमधल्या फोटोंचाही नाही. आता मी ‘६० टक्के’ म्हणत फिरले, तर फरक काय पडला?

शिवाय भौगोलिक म्हणजे नेमकं काय, हा मम्मीचा प्रश्न तसाच राहतो. मी आणि माझ्या मैत्रिणीनं याच मासिकाचा एक जुना अंक घेतला आणि वेगवेगळ्या बसून स्थळाशी संबंधित वाक्यं मोजली. आकडे जुळेनात. ‘आजी चुलीपुढे बसायची’ हे तिनं धरलं, मी नाही. चूल ही जागा आहे का? अर्धा तास वाद झाला.

आणि जागा लिहिलेली असली तरी ती काय सांगते? जुन्या हैदराबादी पत्त्यात वॉर्ड, ब्लॉक आणि घर यांचे आकडे आडव्या रेघांनी जोडलेले असतात. नकाशा हाताशी नसेल तर तो नंबर म्हणजे नुसती अंकांची माळ. डिलिव्हरीवाला फोन करून विचारतोच, “मॅडम, कौनसे टिफिन सेंटर के सामने?” माझा बाप्तिस्मा आजोळी झाला, मराठवाड्यात. चर्चच्या नियमानुसार माझ्या दृढीकरणाची आणि उद्या लग्न झालं तर त्याची नोंदही त्याच मूळ वहीत, माझ्या नावासमोर जायची. मी आयुष्यभर हैदराबादला राहिले तरी कागदावर माझं गाव तेच. लूकच्या शुभवर्तमानातली नावनिशी आठवा. योसेफ राहतो नासरेथला, नाव लिहायला जातो बेथलेहेमला. ही माहिती भौगोलिक आहे यात शंका नाही. पण तिच्यावरून नासरेथला विहीर खणायची की नाही हे ठरवलं, तर योसेफाच्या घरचं पाणी हिशेबात येणारच नाही.

मी हे इतकं का ताणतेय? कारण असल्या आकड्यांवर पैसे हलतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरचे निर्बंध बरेच सैल केले, डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं. दोन्ही निर्णय मला चांगले वाटतात. पण आता प्रत्येक नगरपालिकेच्या दारात कोणी ना कोणी प्रणाली विकायला उभं राहणार, आणि त्यांच्या पहिल्याच पानावर ८० टक्के असणार. ते ज्या साहेबांना दाखवलं जाईल, त्यांना ‘कशाचे?’ विचारणारी मम्मी घरी असेलच असं नाही.

मोजणं म्हणजे काय, हे हैदराबादला निराळं सांगायला नको. विल्यम लॅम्बटन यांचा मुक्काम काही वर्षं इथेच होता. १८०२ मध्ये मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ त्यांनी सुमारे साडेसात मैलांची पायारेषा साखळीनं मोजली, तिला ५७ दिवस लागले. १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरकडे जाताना हिंगणघाटला ते वारले, कबरही तिथेच आहे. नंतर एव्हरेस्ट यांनी त्यांचं काही काम पुन्हा मोजून काढलं. ते शक्य झालं, कारण कुठे उभं राहून काय मोजलं हे लॅम्बटननी लिहून ठेवलं होतं. आमच्या ८० टक्क्यांना पुन्हा मोजायला कुठून सुरुवात करणार?

संपादकांना मी विचारलं, ई-मासिक आहे, तर जुन्या अंकातलं वाक्य गुपचूप बदलता येईल का. ते नको म्हणाले, दुरुस्ती उघड छापू. बरोबरच आहे. तर तिसरं वाक्य आता असं वाचावं: ‘१९८६ साली कॅनडातल्या बर्नाबी नगरपालिकेनं आपल्या गरजांची पाहणी केली, तेव्हा तिथे जमा होणाऱ्या आणि वापरल्या जाणाऱ्या माहितीपैकी ८० ते ९० टक्के माहिती भूगोलाशी संबंधित असल्याचं तिच्या माहितीपत्रकात म्हटलं होतं.’

मम्मीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, “याला बक्षीस नसतं मिळालं.”